शिंगवाल्या जहाजावरचे दादामियाँ

दादामियाँ ज्या जहाजावर होते त्याला शिंगं होती. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण होती. तोंडाच्या दोन्ही अंगांनी दोन जाडजूड लोखंडी शिंगं पुढं आलेली, आणि त्यांच्या मधल्या रहाटावरून जाळी पाण्यात उतरायची. जाळी म्हणजे कोळ्याची नव्हे. पोलादाच्या कड्या एकमेकींत अडकवून केलेली, एकेक कडी भाकरीएवढी, आणि अख्खी जाळी एखाद्या गावतळ्यावर पांघरूण घालता येईल एवढी. लढाईच्या दिवसांत ती बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली उभी टांगायची. वर तरंगायला लोखंडी पिंपं, खाली ओढ धरायला सिमेंटचे ठोकळे. शत्रूची पाणबुडी आत शिरू नये, तिनं सोडलेला पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, आपल्या जहाजापर्यंत पोचू नये, एवढंच त्या जाळीचं काम.

असली जहाजं नौदलाची असली तरी लढाऊ नसतात. तोफांच्या जहाजांमागं ती राबतात. त्यांच्यावरच्या खलाशांना ना पांढराशुभ्र गणवेश, ना छातीवर बिल्ला. हाताला ग्रीस आणि गंज, पायाला खाऱ्या पाण्यानं पडलेल्या भेगा. दादामियाँ एकोणिसाव्या वर्षी पुण्याहून मुंबईला गेले आणि एकोणीस वर्षं त्या जहाजावर राहिले. एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा ते तेविशीत होते.

विश्रांतवाडीला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या दोन खोल्या. एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, लढाईत तुम्ही काय केलं?"

"बांधलं."

"काय बांधलं?"

"जाळी. लढाईच्या आधी बांधली, लढाई संपल्यावर सोडली."

"कुणी अडकलं का?"

"एक कासव अडकलं. म्हातारं होतं. ते सोडवायला दोन तास गेले. साहेब म्हणाला, नीट तपासा, तिकडून पाठवलेलं असायचं."

हे सांगताना ते हसायचे. त्या हसण्यामागचं शल्य मला पुढं कळलं. कुंपण घालणाऱ्याला गुरांचे खूर दिसतात, धरण बांधणाऱ्याला अडलेलं पाणी दिसतं. जाळी टांगणाऱ्याला काहीच दिसत नाही. ती खरंच कुणाला अडवील की नुसती लोंबकळते आहे, हे कुणी येऊन आदळल्याशिवाय कळत नाही. आणि एकोणीस वर्षांत कुणी आलंच नाही.

म्हणून त्यांचा सगळा अभिमान गाठीत उतरला होता. जाळीचे तुकडे ज्या कड्यांनी जोडायचे त्यांच्या खिळ्या लाटांनी फिरून निघू नयेत, यासाठी त्यांच्यावर सुतळीचे वेढे घालायचे. सुतळी आदल्या रात्रीपासून बादलीत भिजत घातलेली. कोरडी सुतळी कुणी हातात घेतली, तर जहाजावरचा मुकादम, त्याला सारंग म्हणत, तो ती सरळ समुद्रात फेकून द्यायचा. भिजलेली सुतळी फुगते, पिळाला पीळ धरते, आणि पाण्यात राहील तोवर सुरीशिवाय निघत नाही. "एकोणीस वर्षं," दादामियाँ बोट वर करून सांगायचे, "माझी एक गाठ सुटलेली नाही. सारंगला विचारा." सारंग कधीच वारला होता.

पुढं पाणबुड्या जाळीला जुमानेनात, पाणतीर लांबूनच येऊ लागले. जाळ्या गेल्या, त्यांच्यामागं शिंगवालं जहाजही भंगारात गेलं. दादामियाँ पुण्याला परतले आणि एका शाळेत शिपाई झाले. तिथं बांधण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी तेवीस वर्षं घंटा वाजवली.

त्यांच्या मुलीचा मुलगा फैझल लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढला. मोठा झाल्यावर त्यानं गॅलऱ्यांना कबुतरांच्या जाळ्या लावायचा धंदा सुरू केला. कबुतरं पुण्याला पुरून उरतील एवढी, त्यामुळं धंदा चालला. मग त्यानं उंच इमारतींच्या बांधकामाला सुरक्षा जाळ्या लावायची कामं घेतली. वरून माणूस पडला तर मधल्या मजल्यावरच्या जाळीत झेलला जावा, अशी ती व्यवस्था. वाघोलीत त्याला अकरा मजल्यांच्या इमारतीचं काम मिळालं, त्या दिवशी दादामियाँनी न सांगता इस्त्रीचा शर्ट घातला.

"नाना, तुम्ही कुठं निघालात?" फैझलनं विचारलं.

"कामावर."

"वय बघा."

"वर नाही चढणार. खाली बसून जोडीन. जाळीचं काम निघालंय आणि मी घरी बसू?"

फैझलला ते मोडवलं नाही. शहात्तर वर्षांचा माणूस एप्रिलच्या उन्हात रोज वाघोलीला जाऊ लागला. इमारतीच्या पार्किंगमध्ये तरट अंथरून बसायचा आणि जाळीचे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडायचा. फैझलनं जोडायला नायलॉनची दोरी दिली होती. दादामियाँनी ती बाजूला ठेवली आणि रविवार पेठेतून तागाची सुतळी आणली.

"नायलॉन घसरतं," ते म्हणाले.

"सगळीकडे तेच वापरतात, नाना."

"सगळे कबुतरं अडवतात. हे माणसाचं आहे."

फैझल हसला आणि दुसऱ्या साइटवर निघून गेला. त्याला वाटलं, म्हातारा किती वर्षांनी खूश आहे. दादामियाँनी बादली भरून घेतली, सुतळी भिजत घातली आणि कामाला लागले.

सेंट्रिंगचं काम करणारा बजरंग नावाचा एक परभणीकडचा माणूस जेवायच्या सुट्टीत त्यांच्याजवळ येऊन बसायचा. तिशीतला, दांडगा, बोलघेवडा. त्याची बायको राधा त्याच साइटवर विटा वाहायची.

"चाचा, ही जाळी माशाला हाय का माणसाला?"

"माणसाला."

"मग जरा घट बांधा. म्या लई जड हाय."

"तू भाकऱ्या कमी खा."

"ते राधीला सांगा. तीच वाढती."

राधा लांबूनच म्हणाली, "वाढलं न्हाय तर माझंच डोकं खाईल." तिघंही हसले.

जाळी चौथ्या मजल्यावर चढली. तिला पंधरा दिवस झाले असतील, त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला बजरंगचा सातव्या मजल्यावर फळी ओढताना पाय सरकला. तो तीन मजले खाली जाळीत पडला. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, जाळीनं त्याला धरलं होतं. एक क्षण, श्वास घ्यावा तेवढा. मग दोन तुकड्यांमधला जोड दाराच्या फळ्या उघडाव्यात तसा उघडला आणि तो खाली सळयांच्या ढिगावर गेला.

आयुष्यभर टांगलेल्या जाळ्यांत पहिल्यांदा कुणीतरी येऊन पडलं, आणि जाळीनं त्याला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी साइटचा इंजिनिअर अभय यानं सगळ्यांना बोलावलं. जाळीचा तो तुकडा जमिनीवर पसरला होता. अभय वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला संध्याकाळपर्यंत एक कारण हवं होतं. त्यानं सुतळीचे वेढे बोटानं उचलून दाखवले.

"बघा. एकही सुतळी तुटलेली नाही. सगळ्या सुटलेल्या आहेत. तुटली असती तर जाळीचा दोष. सुटली म्हणजे कुणीतरी सोडली. ही लोकं खालून पाइप वर घ्यायला जाळी सोडतात, मी शंभर वेळा ओरडलोय. चाचा, ही तुमची गाठ ना?"

"माझी."

"आपोआप सुटेल?"

पोलीस उभे होते. फैझलचा चेहरा पांढराफटक पडला होता. मजूर उभे होते. त्यांच्यात राधा होती आणि गावाहून सकाळी पोचलेला बजरंगचा बाप गेनबा होता. दादामियाँ ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "एकोणीस वर्षं समुद्रात सुटली नाही. माझी गाठ आपोआप सुटत नाही."

"झालं तर मग," अभय म्हणाला.

कागदावर लिहिलं गेलं की मयतानं स्वतःच जाळी सोडली होती. दुपारी बजरंगला अग्नी दिला.

दादामियाँ घरी आले, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको मदिनाबी गॅलरीत धुणं वाळत घालत होत्या. कपड्यांची काठी एका टोकानं निखळली आणि ओली धुणी खाली धुळीत पडली. महिन्यापूर्वी दादामियाँनीच ती काठी कठड्याला बांधली होती.

"घ्या," मदिनाबी म्हणाल्या, "तुमची नेव्हीची गाठ. एकोणीस वर्षं टिकते म्हणे. माझी एक काठी महिनाभर धरता येईना."

दादामियाँ उठले. काठीवरची सुतळी त्यांनी हातात घेतली. ती तुटली नव्हती. वेढे जसेच्या तसे होते, फक्त आत बोट जाईल एवढी जागा झाली होती. ते खाली बसले. मदिनाबी धुणी गोळा करून परत आल्या तरी ते तसेच बसून होते.

त्यांचे वडील कॅम्पात सुतळीच्या बाजा, म्हणजे खाटा, विणायचे. लहानपणी दादामियाँ त्यांच्या हाताखाली होते. ओल्या सुतळीनं बाज विणायची, उन्हात वाळवायची, आणि चार दिवसांनी परत सगळी ताणायची, कारण वाळलेली सुतळी बारीक होते आणि विणलेलं ढिलं पडतं. हे दहा वर्षांच्या पोराला ठाऊक होतं. नंतर ते पोर समुद्रावर गेलं. तिथं बांधलेलं कधी वाळलंच नाही. जी गाठ मारली ती पाण्यात गेली आणि पाण्यातच राहिली. एकोणीस वर्षांत समुद्रानं बापाचं शिकवणं धुऊन काढलं.

त्यांनी लगेच कुणाला काही सांगितलं नाही. बादलीत सुतळी भिजवली, जाळीचा एक उरलेला तुकडा घेतला, त्यावर पाच गाठी मारल्या आणि तो गच्चीवर उन्हात टांगला. मी त्यांना वर बघितलं. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ते जिना चढायचे, गाठींना हात न लावता बघायचे, उतरायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"ओढा," ते म्हणाले.

मी एका बोटानं ओढलं. पहिली गाठ निघाली. दुसरी निघाली. तिसरीला जरा झटका लागला. उरलेल्या दोन मला ओढवल्या नाहीत.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि पुढं त्यांनी स्वतःही सांगितलं. फैझल म्हणाला, "नाना, तो माणूस गेला. तुम्ही बोललात तर परत येणार आहे का?"

"नाही."

"मग कशाला?"

"चूक माझी होती. ती त्याच्या नावावर लिहिली आहे. आणि मीच लिहवली."

"ठेका माझा आहे. तुम्ही म्हातारे म्हणून तुम्हाला घरी पाठवतील. आत मी जाईन. माझी पोरगी अलिझा अजून चालायला लागली नाही, तिचा विचार केलात?"

"मी सांगीन, तू नायलॉनच दिलं होतंस. मी बदललं."

"आणि मी बघितलं नाही, हेही सांगा."

मग मदिनाबींचा आवाज आला, रडका नव्हे, कोरडा. "ऐका. तुम्हाला कुणी काही विचारायला आलेलं नाही. कुणाला शंकासुद्धा नाही. तुम्हीच कुदळ घेऊन निघालात स्वतःचं घर खणायला."

"त्या बाईचं घर कुणी खणलं?" दादामियाँ म्हणाले.

सकाळी त्यांनी मला बरोबर चलता का विचारलं. जाळीचा तो तुकडा, त्यावरच्या उरलेल्या दोन गाठींसकट, त्यांनी पिशवीत घेतला होता. पोलीस चौकीत कल्याणी नावाच्या एक तरुण फौजदार होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, इथं रोज लोक 'मी नाही केलं' सांगायला येतात. तुम्ही उलट्या बाजूनं आलात. कुणी दबाव आणलाय का?"

"नाही."

"त्या मयताच्या बायकोनं काही सांगितलं?"

"तिला माहीतही नाही."

"आठ दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात, गाठ सुटत नाही. आता म्हणता सुटते. मी कोणतं धरू?"

दादामियाँनी पिशवीतून तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "ही ओढा," ते म्हणाले. फौजदार बाईंनी दोन बोटांत सुतळी धरली. ती टेबलावर गळून पडली. त्यांनी पेन उचललं आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. सावकाश."

जबाब लिहून व्हायला दोन तास लागले. सगळ्यात जड वाक्य त्यांनी शेवटी सांगितलं आणि दोनदा वाचून घेतलं: माझी गाठ सुटली. सही करताना नाव त्यांनी पुरं लिहिलं.

अभयचा फोन दुपारी आला. "चाचा, रिटायर झालाय ना? मग राहा की रिटायर. मिटलेलं प्रकरण उकरून काय मिळवलंत?"

"तुमची फाइल मिटली होती," दादामियाँ म्हणाले आणि फोन ठेवला.

फैझलला दुसऱ्या दिवशी नेलं. निष्काळजीपणाचा गुन्हा दोघांवर, आजोबांवर आणि नातवावर. वयाकडं बघून दादामियाँना घरी सोडलं, फैझलला जामीन मिळायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मदिनाबींनी नवऱ्याला रोज दोन वेळा जेवण वाढलं, आणि वाढण्यापलीकडं एक शब्द बोलल्या नाहीत. फैझलची बायको अलिझाला घेऊन बिबवेवाडीला माहेरी गेली. जाताना ती पाया पडली नाही. दादामियाँनीही अपेक्षा केली नव्हती, पण ते दारापर्यंत गेले होते.

फैझल आत असतानाच कळलं की गेनबा सुनेला न्यायला पुन्हा आला आहे. दादामियाँ वाघोलीला गेले. मीही गेलो. इमारतीच्या मागं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. दुपारच्या सुट्टीची वेळ होती. शेवटच्या खोलीपुढं गेनबा उलट्या पाटीवर बसला होता. राधा आत भांडी पोत्यात भरत होती. आजूबाजूला दहा-पंधरा मजूर जेवत होते. पोलिसांनी गेनबाला काहीतरी कळवलं होतं, पण काय ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. साहेब लोकांचे कागद बदलले, एवढंच त्याला समजलं होतं.

दादामियाँ त्याच्यासमोर उभे राहिले. "मी जाळी जोडणारा," ते म्हणाले.

"वळखलं," गेनबा म्हणाला. "त्या दिशी बोलला व्हता तुमी."

"चुकीचं बोललो होतो. तुमच्या मुलानं जाळी सोडली नाही. मी ओली सुतळी बांधली. ती उन्हानं वाळली आणि सुटली. माझ्या हाताची चूक आहे. त्याची नाही."

राधाच्या भांड्यांचा आवाज थांबला. गेनबानं मान वर केली नाही.

"परत सांगा," तो म्हणाला. "त्या पोरांना ऐकू गेलं नसंल."

दादामियाँ वळले. जेवणाऱ्यांकडं तोंड करून तेच वाक्य त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. कुणी घास घेत नव्हतं. एक जण भाकरी हातात धरून उठून उभा राहिला आणि मग काय करावं हे न कळून परत बसला.

राधा दारात आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "चाचा," ती म्हणाली, "त्यो तुमच्यापशी बसून जेवायचा."

"हो."

"तवा तरी तुमाला वाटलं न्हाय का, सुतळी वाळंल म्हनून?"

"नाही वाटलं," दादामियाँ म्हणाले. "ठाऊक होतं कधीकाळी. विसरलो."

ती आत गेली. गेनबा बराच वेळ पायाखालची माती बोटानं उकरत बसला. मग बोलला, तेव्हा आवाज अगदी खालचा होता.

"तुमी त्या दिशी म्हनला, गाठ सुटत न्हाय. म्हातारा माणूस, समुद्रावरचा, खोटं कशाला बोलंल, आसं मला वाटलं. म्हंजे माझंच पोरगं येडं. त्यानंच सोडली आन् त्यातच पडला. त्याला अग्नी देताना म्या शिवी दिली त्याला. आईवरनं. लोकांनी ऐकलं, सुनंनं ऐकलं." तो थांबला. "ती आता म्या म्हागारी कशी घिऊ?"

शहात्तर वर्षांचा तो माणूस सत्तरीतल्या त्या माणसापुढं हात खाली सोडून उभा होता. मला वाटलं, त्यांना बसायला सांगावं. पण तिथं बसायला जागा द्यायचा अधिकार माझा नव्हता, आणि ज्याचा होता तो देत नव्हता.

टेम्पो आला. राधानं पोतं, पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली वाकळ मागं चढवली. गेनबा गुडघ्यावर हात टेकून उठला, टेम्पोपर्यंत गेला आणि वळला.

"कोर्टात उभं राहनार का तुमी?"

"राहीन."

"तितं पन आसंच बोलशाल? का वकील सांगंल तसं?"

"असंच बोलेन."

"तुमचा नंबर द्या," गेनबा म्हणाला. "तारीख पडली की कळवा. म्या येनार हाय, ऐकायला."

दादामियाँनी नंबर सांगितला. राधानं फोनमध्ये घातला, आणि बरोबर आहे का म्हणून परत वाचून दाखवला. मग टेम्पो नगर रस्त्याला लागला.